तुफानने क्यू रिकामा केला

“केबिन? अगं, मिळालीच समज! सिस्टीम माझ्या बोटांवर नाचते!”

गुरुवारी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तुफानने बायकोला हे ऐकवलं. तुफान हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. ट्रॅव्हल एजन्सीत लागल्यावर त्याने ते स्वतःच स्वतःला चिकटवलं होतं आणि ऑफिसने हसत हसत मान्य केलं होतं. लग्नाला एक तप झालं. तेवढ्या काळात पठ्ठ्याने अर्ध्या जगाला विमानात आणि बोटीत बसवून दिलं, बायकोला मात्र नेलं ते फक्त तिच्या माहेरी, तेही तिच्याच भावाच्या गाडीतून! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! आता कुठे शनिवारी सुटणाऱ्या एका बोटीवर, एजन्सीच्या स्टाफसाठी असलेल्या केबिनला त्याने नंबर लावला होता. बायकोने बॅगसुद्धा भरून ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती समुद्रात जाणार होती, आणि हे तिने बहिणीला, शेजारणीला आणि दूधवाल्यालाही सांगून टाकलं होतं.

“अहो, पण अजून वेटिंगच आहे ना?”

“वेटिंग लोकांना! मी सिस्टीमचा जावई आहे!”

आता हा क्यू काय प्रकार असतो ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस काय बडबडतोय. एजन्सीत प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एक क्यू असतो, म्हणजे रांग. विमानाची वेळ बदलली, वेटिंग पक्कं झालं, कुणाचं आडनाव चुकलं, की ते बुकिंग येऊन तुमच्या क्यूत उभं राहतं. ते उघडायचं, वाचायचं, गिऱ्हाइकाला फोन करायचा, मग क्यूतून काढायचं. हा झाला राजमार्ग. पण एक चोरवाटही होती. सगळी बुकिंगं एकदम निवडायची, एक बटण दाबायचं, की आख्खा क्यू दुसऱ्याच्या गळ्यात! याला ऑफिसात ‘ढकलणं’ म्हणत. कुणी ढकललं ते दिसतही नसे. हे बटण ज्याने बनवलं तो नक्की एकत्र कुटुंबात वाढला असणार.

शुक्रवारी सकाळी साहेब आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आले. साहेबांना शून्याचं भारी वेड. क्यूत एक बुकिंग दिसलं तरी त्यांना दात दुखल्यासारखं व्हायचं.

“जेवणाच्या सुट्टीत मी एकेकाचा क्यू बघणार! ज्याचा शून्य, तो आजपासून काउंटरचा प्रमुख!”

तुफानने स्वतःचा क्यू पाहिला. खाली सरकवत गेला, सरकवत गेला, बोट दुखलं तरी तळ लागेना. वाचत बसलो तर पुढच्या वर्षी प्रमुख होऊ! त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सगळं निवडलं आणि शेजारच्या ताईंच्या क्यूत ढकललं. शून्य! मान ताठ करून तो खुर्चीत रेलला, आणि रिकामा वेळ आहेच तर केबिनचं बघावं म्हणून त्याने बोटवाल्यांना फोन लावला.

“सर, तुमची केबिन कालच पक्की झाली,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“बघितलंत! मी म्हणालोच होतो!”

“तुमच्या क्यूला पाठवलीय सर. एजन्सीच्या नावावर आहे. त्यात प्रवाशांची नावं टाकून एक वाजेपर्यंत स्वीकारा. नाहीतर पुढच्याला जाईल.”

तुफान रेललेला होता तो सरळ झाला.

“कुठे पाठवलीय म्हणालात?”

“तुमच्या क्यूला, सर.”

तो उठला तो थेट ताईंच्या टेबलाशी. ताई ऑफिसातल्या सर्वांत जुन्या. त्या निवांत नखं कापत होत्या.

“ताई, तुमचा क्यू जरा बघू का?”

“बघ की! शून्य!” ताईंनी अभिमानाने स्क्रीन वळवला.

“अहो, आत्ता तर त्यात ढिगाने...”

“तुला काय माहीत ढिगाने?” ताईंची कात्री थांबली. “अस्सं! म्हणजे तो तुझा कचरा होता होय रे, मेल्या! मी मख्खकडे ढकलला!”

मख्ख म्हणजे खिडकीजवळचा. तो बोलत नसे. तुफानने त्याच्यासमोर अक्षरशः हात जोडले. मख्खने स्क्रीन दाखवला. शून्य! मग शांतपणे एक बोट वर केलं आणि काचेच्या खोलीकडे दाखवलं.

“साहेबांच्या क्यूत?” तुफान किंचाळायचाच बाकी होता. “अरे, का?”

मख्खने त्या दिवसातलं पहिलं वाक्य उच्चारलं, “ते कधी उघडत नाहीत.”

नेमका त्याच क्षणी खोलीतून साहेबांचा आवाज आला, “हे काय आहे? हे कुणाचं आहे? सगळे इकडे या!”

दुसऱ्यांचे क्यू मोजण्याआधी आपला मोजावा, अशी साहेबांना नेमकी आजच बुद्धी सुचली होती. तिघेही खोलीत ओळीने उभे राहिले. माझं आहे म्हणावं तर शून्य गेलं, प्रमुखपद गेलं, वर चोरवाट उघडी पडणार! तुफानने घड्याळाकडे चोरून पाहिलं आणि आवाजात साखर घोळवली, “साहेब, तुम्ही कशाला त्रास घेता? आणा, मी करतो!”

“मुळीच नाही! आज दाखवतो तुम्हाला, मालक कसं काम करतो ते!”

आणि साहेब बसले की कामाला! एका बोटाने. एकेक बुकिंग उघडायचे, मोठ्याने वाचायचे, गिऱ्हाइकाला फोन लावायचे आणि त्याच्या गुडघेदुखीपर्यंत सगळी चौकशी करायचे. घड्याळ पळत होतं. पाऊण वाजला तेव्हा साहेब एकदम उभेच राहिले.

“अरे वा! बोटीची केबिन! आपल्या एजन्सीच्या नावावर! आणि नाव कुणाचंच नाही! बेवारस!”

“साहेब, ती माझी!” तुफानच्या तोंडून निघून गेलं.

“तुझी?” साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग माझ्या क्यूत कशी आली?”

ताई खोकल्या. मख्खने छताकडे पाहिलं. तुफानच्या डोळ्यांसमोर एका बाजूला भरलेली बॅग, दुसऱ्या बाजूला प्रमुखाची खुर्ची! बायकोचं नाव जिभेच्या टोकावर आलं होतं हो, खरंच आलं होतं! पण जीभ ती जीभच.

“माझी... माझी इच्छा होती साहेब! की तुम्ही आणि बाईसाहेबांनी जावं! किती राबता तुम्ही!”

साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी केबिन स्वीकारली, बाईसाहेबांना फोन केला आणि तुफानला तिथल्या तिथे काउंटरचा प्रमुख करून टाकलं. ताईंनी टाळ्या वाजवल्या, पण त्या फारच सावकाश.

संध्याकाळी घरी जाताना तुफानने बसमध्ये सगळं पाठ केलं. वेटिंग क्लिअर झालं नाही, बोटवाले लबाड, पुढच्या वर्षी नक्की! पण दार उघडलं तर बॅग उंबऱ्यापाशी, आणि बायको टोपी घालून आरशासमोर!

“अगं, ऐक ना... ती केबिन...”

“माहीत आहे. बाईसाहेबांचा फोन आला होता. तुमच्या साहेबांना म्हणे बादलीतलं पाणी हललं तरी मळमळतं, भरात विसरलेच होते! बाईंना सोबत हवी होती. मी म्हटलं, येते! साहेबांनी स्वतःचं नाव काढून माझं टाकलं. आज रात्री त्यांच्याकडेच राहायचं, सकाळी तिथूनच बंदरावर.”

तुफानचा जीव भांड्यात पडला. बायको तरी जातेय! पण लगेच त्याला स्वतःची आठवण झाली.

“आणि मी?”

“तुमचं काय? तुमचीच इच्छा होती ना? बाईंनी शब्द न् शब्द सांगितलाय.”

“अगं, ते मी... म्हणजे त्या वेळी... बघ ना, एखादी जास्तीची जागा होत असेल तर! मी जमिनीवर झोपेन!”

तिने टोपी नीट केली, बॅगेची मूठ त्याच्या हातात दिली आणि जिना उतरायला लागली.

“सांगते बाईंना,” ती वळूनही न बघता म्हणाली. “तोपर्यंत तुम्ही वेटिंगवर!”