अण्णांच्या छातीत कोणी झोपलंय

मागच्या वर्षी श्रावणात आमच्या शेजारच्या अण्णांनी मोठ्यानं बोलणं सोडलं. घसा बसला नव्हता, व्रत धरलं नव्हतं, कुणाशी भांडण झालं नव्हतं. आपल्या छातीत कुणीतरी झोपलंय आणि आपल्या आवाजानं त्याची झोप मोडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मी भिंतीवरून हाक मारली की ते ओठांवर बोट ठेवायचे आणि छातीकडे खूण करायचे, घरात तान्हं मूल असलेल्या बाईसारखी.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर गल्लीला पत्ताही लागला नसता. पण अण्णांचा आवाज सगळ्या माधवनगरला पाठ होता. उभा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला, कान अर्धे गेलेले, त्यामुळे जग बहिरं आहे अशी त्यांची पक्की समजूत. त्यांनी दूधवाल्याला 'उद्या अर्धा लिटर जास्त टाक' म्हटलं की चार घरं पलीकडच्या बाईला कळायचं की अण्णांकडे पाहुणे येणार. मी लग्न होऊन वाईहून इथं आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 'चा झाला का गं पोरी?' असा आवाज भिंतीपलीकडून आला आणि माझ्या हातातलं दुधाचं पातेलं खाली पडलं. सासूबाई म्हणाल्या, सवय होईल. झाली.

त्यांचं आणखी एक होतं. काहीही बिघडलं की ते म्हणत, "धागा तुटला." वीज गेली, धागा तुटला. पंपाचा पट्टा गेला, धागा तुटला. अण्णांची बायको, आम्ही तिला काकू म्हणायचो, ती गेली त्या दिवशी दारात जमलेल्या माणसांसमोर ते तेवढंच बोलले, तेही नेहमीच्या आवाजात. लोकांना ते बरं दिसलं नाही. मला मात्र तेव्हा वाटलं की या माणसाकडे दु:खासाठी दुसरा शब्दच नाहीये.

आणि तुटलेला धागा जोडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका हाताच्या तीन बोटांनी ते अशी गाठ मारत की कापडात ती शोधून सापडू नये. मागाचा कारखाना कधीच बंद पडला, माग भंगारात गेले, पण बोटं राहिली. गल्लीतल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, शाळेच्या दप्तरांचे बंद, माझ्या मंगळसूत्राचा दोरा, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. गाठ मारून झाली की ते हात पुढे करून दाखवायचे, जसं काही गाठ बोटांतच आहे.

त्या बोटांनाच संधिवातानं धरलं. सकाळी कप धरता येईना. एक दिवस ते शर्टाची बटणं न लावता ओट्यावर बसलेले दिसले आणि मी ती लावून दिली. ते दुसरीकडे बघत होते. मुलगा पुण्यात, रविवारी फोन करून 'काळजी घ्या' म्हणणारा. तेव्हा काळजी घ्यायचं काम माझ्या स्कूटरवर आलं आणि मी त्यांना सांगलीत संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाई तरुण होत्या, पण समजावून सांगायला कंटाळत नव्हत्या. म्हणाल्या, एक इंजेक्शन आहे, महिन्याला घ्यायचं, बोटं वाकायची थांबतील. पण त्यानं शरीराची रोगाशी लढायची ताकद थोडी कमी होते, म्हणून आधी टीबी नाही ना एवढं बघू. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, कातडीत एक बारीक सुई टोचली. चोळू नका, खाजवू नका, तिसऱ्या दिवशी या. छातीचा फोटोही काढला.

तिसऱ्या दिवशी हातावर जुन्या चार आण्याएवढा लाल, टणक फुगवटा आलेला. बाईंनी पट्टीनं मोजला आणि मान हलवली. मग फोटो दिव्यावर लावला. तो मात्र स्वच्छ.

"हात फुगला म्हंजी टीबी हाय," अण्णा गरजले. बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी माना वळवल्या. "आन फोटोत न्हाई. मग खरं कोन बोलतंय? हात का फोटो?"

"दोन्ही खरं बोलतायत," बाई म्हणाल्या. "टीबीचे जंतू कधीतरी तुमच्या अंगात शिरलेत. तुमच्या शरीराला ते ओळखीचे आहेत, म्हणून हात फुगला. पण ते झोपलेत. छातीत त्यांनी काही बिघडवलेलं नाही, म्हणून फोटो स्वच्छ. तुम्हाला आजार नाही आणि तुमच्यापासून कुणाला होणारही नाही."

"झोपलाय?"

"हो. पण इंजेक्शन दिलं तर जागा होऊ शकतो. म्हणून सहा महिने गोळ्या घ्यायच्या, रोज एक. पहिला महिना झाला की इंजेक्शन सुरू करू."

"किती वर्सं झोपलाय?"

"ते सांगता येत नाही, अण्णा. कुणाकडून आला तेही नाही. चाळीस-चाळीस वर्षं राहतो कधी कधी."

अण्णांनी गोळ्यांची पिशवी घेतली, स्कूटरवर मागे बसले आणि माधवनगर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, घाबरले. घराशी उतरताना त्यांनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "गाडीचा हार्न लय वाजवतीस तू." त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

तिथून ते सुरू झालं. अण्णांनी रेडिओ बंद केला. कुकरची शिटी होण्याआधी गॅस बारीक करायला धावायचे, माझ्या स्वयंपाकघरात सुद्धा. गणपतीत कोपऱ्यावर ढोल वाजायला लागले तेव्हा ते खिडक्या लावून, छातीवर उशी घेऊन बसले. मी हसले. त्याची मला आज लाज वाटते.

गल्लीचं म्हणणं वेगळंच. अण्णांना टीबी आहे हे एकानं ऐकलं होतं, फोटो स्वच्छ आहे हे कुणीच ऐकलं नव्हतं. दूधवाला दूध दारात ओतायच्याऐवजी पायरीवर ठेवून घंटा न वाजवता जाऊ लागला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्यांच्या ओट्याला वळसा घालून माझ्याकडे यायच्या. मी सांगून सांगून थकले. तेव्हा अण्णांनी तो फोटो रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेवर चिकटवला. दुपारचं ऊन आलं की जाणाऱ्या-येणाऱ्याला अण्णांच्या बरगड्या दिसायच्या. कुणी थांबलं की आतून कुजबुज यायची, "बगा. निवांत बगा. काय सुदिक बिगाडल्यालं न्हाई त्येनं." एका आजीनं त्या खिडकीला नमस्कार केल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

या सगळ्यात गोळ्यांचं मी विचारायची आणि ते मान हलवायचे. महिना झाला, इंजेक्शनला चला म्हटलं तर आज पाय दुखतोय. पुढच्या आठवड्यात अमावस्या होती. मग मुलगा येणार होता, तो आला नाही. मलाही माझी शाळेतली नोकरी, माझ्या मुलीची परीक्षा. मी जोर केला नाही. दिवाळीत फराळाचं ताट द्यायला गेले तेव्हा त्यांनी दोन्ही तळव्यांमध्ये ताट धरलं. बोटं मिटतच नव्हती, उजव्या हाताची दोन तर बाजूला वळली होती. फडताळात ताट ठेवताना मला गोळ्यांची पिशवी दिसली. एकही पाकीट फोडलेलं नव्हतं.

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात कुणा म्हाताऱ्या माणसावर ओरडले नव्हते. "तुमचे हात जातायत अण्णा. तीन महिने मला खोटं सांगताय. मरायला घाबरत नसाल, पण मला रोज तुमची बटणं लावायची आहेत का?"

"हळू," ते म्हणाले.

"का हळू? एवढी भीती वाटते त्याची, तर गोळी घेऊन मारून टाका ना एकदाचा."

अण्णा खाली बसले. बराच वेळ वाकडी बोटं एकमेकांत घालून काढत राहिले. मग म्हणाले, "सिदू हाय त्यो."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, इतक्या हळू की मला त्यांच्या तोंडाजवळ बसावं लागलं.

सिदू जत भागातला. घरी मेंढरं, पाऊस नाही म्हणून पोटासाठी इकडं आलेला. एक माग, दोन पाळ्या. एका पाळीला अण्णा, दुसरीला सिदू. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सूत धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी तारेची आकडी मिळायची, पण आकडीनं वेळ जातो. म्हणून सगळेच भोकाला तोंड लावून एका दमात सूत ओढून घेत. दिवसातून शेकडो वेळा. पाळी बदलताना सिदू तोंडातून काढलेला धोटा अण्णांच्या हातात द्यायचा आणि अण्णा तोच तोंडाला लावायचे.

"त्येला झोप लय प्यारी. पाळी संपली तरी खोलीवर जायाचा न्हाई. मागाच्या पाठीमागं कापडाच्या गठ्ठ्यावर झोपायचा. यवढा खडखडाट, पर गडी मेल्यावानी झोपायचा. मी माग चालवायचो. मुकादम आला की लाथ घालून उठवायचो."

मग सिदू खोकायला लागला. रक्त पडलं. मिरजेच्या बाजूला एका दवाखान्यात ठेवला.

"मी गेलो हुतो. एकदा. केळी घिऊन. फाटकातनं दिसला, व्हरांड्यात बसल्याला. त्येनं हात वर केला. माजं लगीन नवं, तुजी काकू पोटुशी. मला भ्या वाटलं, पोरी. केळी फाटकावरच्याकडं दिली आन मागं वळलो. पंधरा दिसांनी गेला त्यो. भावानं गावाकडं न्हेला, मातीला बी मी न्हवतो."

बाहेर पोरं फटाके लावत होती. प्रत्येक आवाजाला अण्णांचा तळवा छातीवर जात होता.

"मी त्येला भेटाय आत गेलो न्हाई," ते म्हणाले. "आन त्यो चाळीस वर्सं माज्या घरात येऊन झोपलाय. कवा तरास दिला न्हाई. कवा खोकला न्हाई. डाक्टरीनबाई म्हंत्यात, गोळी दिऊन मारा. आता एकदा फाटकातनं माघारी आलो, परत त्येला हाकलू व्हय?"

तो कुणाचा जंतू आहे ते कुणालाच सांगता येत नाही, बाईंनी तुमच्यासमोर सांगितलं, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. भलतंच काहीतरी बोलले. "इतक्या खडखडाटात झोपणारा माणूस, त्याला माझ्या कुकरनं काय होणार?"

"तवा जवान हुता," अण्णा म्हणाले. "आता म्हातारा झाला आसंल. म्हाताऱ्याची झोप पातळ आसती."

मी घरी गेले आणि रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले. मला त्यांचे हात हवे होते, सिदूशी माझं देणंघेणं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. पाकीट त्यांच्या बोटांनी फुटलं नसतं. मी गोळी काढून तळव्यावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे धरला. अण्णा गोळीकडे बघत बसले. मग ती जिभेवर ठेवली आणि ओठ आवळून एकदम आत ओढली. सूत ओढावं तशी.

असं सहा महिने रोज. मी यायची, गोळी काढायची, ते ओढायचे. कधी गोळीच्या आधी छातीवर हात ठेवून म्हणायचे, "थोडी ऱ्हायली रं, गड्या." महिन्यानं इंजेक्शन सुरू झालं. बाई म्हणाल्या, उशीर झाला. वाकलेली दोन बोटं सरळ होणार नाहीत, बाकीची वाचतील. ती दोन बोटं गाठ मारायची होती. अण्णा कप धरू लागले, बटणं लावू लागले, पण धागा जोडणं गेलं ते गेलंच. आवाज मात्र तसाच हळू. शेवटची गोळी वैशाखात संपली. रिकामं पाकीट त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते. भिंतीपलीकडून आरोळी आली आणि मी दचकून बाहेर ओट्यावर धावले. अण्णा फाटकात उभे होते, दूधवाल्याला हाक मारत, पूर्वीच्या त्याच आवाजात. तीन घरांच्या खिडक्या उघडल्या. बरगड्यांचा फोटो खिडकीवरून काढलेला होता, काचेवर चिकटपट्टीचे चार डाग तेवढे राहिले होते.

"पायरीवर ठिवून पळत जाऊ नगंस," ते ओरडत होते. "घंटा वाजव. हाक मार. दार बडीव खुशाल."

दूधवाला माझ्याकडे बघायला लागला. अण्णांनीही वळून बघितलं. मग मला समजावल्यासारखं, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आता घरात कोन झोपल्यालं न्हाई."