इंगोले सरांचे छ्याण्णव तास

आमच्या कॉलेजातल्या मीटिंगमध्ये कोणाचा डोळा लागला, की इंगोले सर हळूच वाकतात आणि पेनाच्या मागच्या टोकानं त्याच्या कमरेला टोचतात. माणूस दचकला की समाधानानं मान डोलवतात. "हालचाल हाय. जित्ता हाय." एकदा ही तपासणी खुद्द प्राचार्यांची झाली. आपण जागेच होतो, नुसते डोळे मिटून ऐकत होतो, असं प्राचार्य पुढं आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले.

धंद्याची सवय, दुसरं काय! सर प्राणीशास्त्राचे. कारखान्यात लागणारी रसायनं, रंग म्हणा, मशीन धुवायचं औषध म्हणा, नाल्यावाटे तळ्यात गेली तर माशांचं काय होतं, हे ते तपासतात. सहा काचेच्या टाक्या, प्रत्येकीत बोटाएवढे सात रोहू. पाच टाक्यांत चढत्या मापानं रसायन, सहावीत नुसतं चांगलं पाणी. मग छ्याण्णव तास, म्हणजे पुरते चार दिवस, कोण टिकलं नि कोण गेलं ते रोज ठरल्या वेळेला पाहायचं. निपचित पडलेल्या माशाच्या शेपटीशी काचेची कांडी लावायची. हलला तर ठीक, नाही तर वहीत नोंद. किती मापाला निम्मे मासे मरतात तो आकडा हाती आला, की ते रसायन किती जहरी ते कळतं.

"म्हंजे मारायचीच नोकरी म्हना की," माझी बायको म्हणाली होती. मी त्याच कॉलेजची लायब्ररी सांभाळतो, आणि शेलूबाजारात आमचं नि सरांचं घर भिंतीला भिंत लागून आहे. त्यामुळे सर मला ड्यूटीवरही भोगावे लागतात आणि घरीही.

छ्याण्णव तास हा आकडा त्यांच्या डोक्यातच बसला आहे. नवी चप्पल घेतली, नवा प्राचार्य आला, सरांचं एकच उत्तर. "छ्याण्णव तास जाऊ द्या भाऊ. पयल्या दिवशी कोनीबी तरतरीत दिसते." नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडावं म्हणून अंगणात बादल्याच बादल्या उघड्या ठेवलेल्या. पाहुण्यानं पाणी मागितलं तर विचारतात, "कालचं देऊ का परवाचं?" बायको वारल्यापासून घरात एकटेच, त्यामुळे अडवणारंही कोणी नाही.

इथवर सगळं हसण्यावारी नेलं असतं मी. पण माझ्या शीतलच्या लग्नात या माणसानं जे केलं, ते माझ्या काळजाला लागलं.

लग्नाचा मांडव कॉलेजच्या शेजारीच होता. वरात कॉलेजच्या भिंतीशी आली, बँडवाले रंगात, व्याही खुद्द नाचताहेत, आणि गेटातून पांढरा कोट घातलेले इंगोले सर हात वर करून धावत आले. "बाजा बंद! बंद करा बाजा! मासे टेस्टले बसले! घाबरून राह्यले ते!" व्याह्यांना वाटलं आत कोणाची तरी परीक्षा चालू आहे. बँड बंद पडला. माझ्या पोरीची वरात कॉलेजसमोरून अशी गेली, जसं काही आम्ही सगळे चोरून लग्न लावतोय.

बरं, हेही मी गिळलं. पण पंगतीत मी स्वतः हाताला धरून सरांना बसवलं, समोर ताट आलं, ताटात बुंदी पडली, आणि सर उठले. "भाऊ, माफ करा. आज नाई जमत." बस, एवढंच! शेजारचा माणूस पोरीच्या लग्नात भरल्या ताटावरून उठतो? बायकोचे डोळे भरले. वरातीत बाजा वाजला, त्याचा राग धरला असं कोणी म्हणालं. कोणी म्हणे ॲसिडिटी, कोणी म्हणे नवस. मी म्हटलं, चुलीत जाओ तो नवस. सहा महिने मी त्या माणसाशी बोललो नाही.

मग शीतल माहेरपणाला आली. बायकोनं बुंदीचे लाडू वळले आणि चार लाडू डब्यात घालून माझ्या हातात दिले. "पुरे झाला राग. नेऊन द्या सरायले. भिंतीला भिंत हाय आपली."

दुपारी लॅबमध्ये गेलो. सर प्राचार्यांकडे गेले होते. लॅबचे शिपाई गुलाबभाऊ मागच्या खोलीत काचसामान धूत होते. मी टाक्यांसमोर उभा राहिलो. काही टाक्यांत दोन-तीनच मासे उरले होते, एक तर अगदी रिकामी. कोपऱ्यातल्या टाकीत मात्र सातही होते. मला बघून काचेशी आले आणि तोंडं उघडमीट करायला लागले. कसे खंगलेले दिसले हो! मला काय सुचलं देव जाणे, अर्धा लाडू कुस्करला आणि टाकला टाकीत. सातही जण तुटून पडले. मला तर पुण्य लागल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात सर आले. पाण्यावर तरंगणारी बुंदी त्यांनी पाहिली आणि मटकन स्टुलावर बसले.

"भाऊ," सर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "हे काहून केलं?"

"उपाशी दिसले म्हणून..."

"उपाशीच ठेवा लागते. खाल्लं की पानी नासते. या साध्या पान्याच्या टाकीवरूनच बाकीच्या टाक्यांचा हिशोब लागते. ही बिघडली, सारं बिघडलं. आता नवे मासे, नवं पानी, पयल्यापासून." मग रिकाम्या टाकीकडे बघून म्हणाले, "जे मेले, ते फुकट मेले हो."

माझी मान खाली गेली. सर बादली आणायला बाहेर गेले, तसे गुलाबभाऊ हात पुसत माझ्याजवळ आले. "काय केलं हे साहेब! आज चौथा दिवस. संध्याकाळी सोडनार होते सर."

"काय सोडणार होते?"

"उपास. टेस्टच्या आदल्या दिवसापासून माशायले खायला भेटत नाई, मंग सरबी जेवत नाई. लिंबूपान्यावर राह्यतात. आता पुन्हा पाच दिवस."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सर बादली घेऊन आत आले तसं मी विचारलं, "सर, शीतलच्या लग्नात..."

"तिसरा दिवस होता," सर खाली बघत म्हणाले. "तुमी हात धरून बसवलं, तवा नाई म्हनवलं नाई मले. पन ताट समोर आलं अन् हे मासे डोळ्यापुढं आले. मीच यायले उपाशी ठेवतो, मीच मारतो. वरून बुंदी कशी खाऊ? बुंदी लय आवडते मले."

"अहो, मग सांगायचं ना तेव्हाच!"

"काय सांगू? लोक हासले असते."

खरं होतं. पहिला मीच हसलो असतो.

नवी टेस्ट लागली. मीही म्हटलं, चूक माझी, उपास मीही करणार. दीड दिवस टिकलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं नुसतं पिठलं हाटलं आणि माझा निश्चय वासानंच मोडला. भिंतीपलीकडे सर मात्र लिंबूपाण्यावर.

छ्याण्णव तास भरले त्या दुपारी आम्ही तिघं लॅबमध्ये गेलो. बायकोनं लग्नातलं अख्खं जेवण रांधलं होतं. वरण, भात, वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी. सरांनी शेवटचा आकडा वहीत लिहिला. मग चिमूटभर खाणं कोपऱ्यातल्या टाकीत टाकलं, आणि मासे खायला लागेपर्यंत वाट बघितली. मगच हात धुतले. शीतलनं पान वाढलं.

"सासर कसं हाय वं बाई?" सरांनी विचारलं.

"छ्याण्णव तास कवाचेच झाले सर," शीतल म्हणाली. "हालचाल हाय."

सर इतके हसले की ठसका लागला. बुंदीचा पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं पेनानं टोचावं. उघडले तेव्हा डोळे ओले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, आता वाजवा म्हना बाजा."

बँड कुठून आणणार होतो मी? डब्याचं झाकण उपडं केलं आणि स्टुलावर बसून वाजवायला लागलो. कोपऱ्यातल्या टाकीतले सातही जण खातच राहिले.