अकरा जिवांचा अर्ज

गिरणीच्या दारावरच्या दोन पहारेकऱ्यांपैकी एकाला काढणार, हे कळलं आणि कुंडलिकच्या तोंडचं पाणी पळालं. घरी बसण्याचं त्याला दुःख नव्हतं. दारावरही तो बसलेलाच असे. पण घरी सोजरबाईची खाणावळ होती. दहा गिरणीवाले दोन्ही वेळा तिच्याकडे जेवत. आपला पगार थांबला की कुंडलिक बायकोच्या भाकरीवर जगतो असा आळीभर बोभाटा होणार, या धास्तीनं त्याला घास गोड लागेना.

तो तडक कचेरीबाहेर बसणाऱ्या रामहरी अर्जनवीसाकडे गेला.

"घरात माणसं किती?" रामहरींनी विचारलं.

"दोन. मी आन् ती."

"दोन माणसांसाठी साहेब चष्मासुद्धा लावत नाही. अकरा लिहू." त्यांनी टाक दौतीत बुडवला. "आणि ऐक. आपल्याकडं माणूस दुसऱ्याच्या आधारानं राहतो. इंग्रजीत तो सरळ अंगावर येऊन बसतो. 'डिपेंड' म्हटलं की मागं 'अपॉन' आलंच. डिपेंड अपॉन, रिलाय अपॉन, लिव्ह अपॉन. तिन्ही घालतो. वाचताना साहेबाला तुझी पाठ कडकडलेली ऐकू आली पाहिजे!"

कुंडलिकला त्या तीन अपॉनांनी इतका धीर आला की तो छाती काढून घरी गेला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की दुसरा पहारेकरी सिद्धाप्पा सकाळीच रामहरींकडे येऊन गेला होता. रामहरींच्या प्रत्येक अर्जात अकराच जीव असत. त्यांचा हातच तसा बसला होता.

अकरा-अकरा जिवांचे दोन अर्ज वाचून साहेब चक्रावला. "रविवारी जाऊन मोजतो," म्हणाला.

"अगं, आता काय करू?" कुंडलिक रडकुंडीला आला.

"मला इचारून लिवलंत व्हय?" सोजरबाई म्हणाली. "जेवणारे दहा हायेत, अकरावी मी. बसवा रांगेनं."

कुंडलिकनं जेवणाऱ्यांना पढवून ठेवलं. साहेबानं विचारलं की म्हणायचं, आमी कुंडलिकवर हाय. दहाही जणांनी माना डोलावल्या.

रविवारी साहेब आधी सिद्धाप्पाकडे गेला. तिथं अकरा माणसं खरोखरच निघाली, वर एक पाळण्यात. मग सोमलिंग कारकुनाला घेऊन तो कुंडलिकच्या दारात आला तेव्हा पंगत बसली होती. त्यातले चौघे तेलुगू बोलत होते, तिघे कानडी आणि एक दखनी.

"हे सगळे कोण?" सोमलिंगनं विचारलं.

"भाऊ हायेत," कुंडलिक म्हणाला.

साहेबानं चष्मा पुसला. पंगतीच्या टोकाला सर्वांत वडील चनमल्लप्पा बसले होते. सोमलिंगनं त्यांना विचारलं, "तुम्ही कुणावर अवलंबून?"

चनमल्लप्पांनी तोंड उघडलं आणि नेमकी त्याच वेळी सोजरबाईनं त्यांच्या ताटात गरम भाकरी टाकली. जेवणाऱ्या माणसाला अशा वेळी खोटं कसं बोलवेल?

"ह्या माउलीवर की!"

झालं. दुसराही तेच म्हणाला, तिसराही. मोजत मोजत सोमलिंग दहावर आला आणि कुंडलिककडे वळला. "आणि तू?"

कुंडलिकनं जमिनीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खरं बोलायची इतकी लाज वाटली. "मीबी तिच्यावरच," तो पुटपुटला.

"अकरा!" साहेब खदखदून हसला आणि सोमलिंगला काहीतरी म्हणाला.

सोमलिंगनं मराठीत सांगितलं, "पहारेकरी सिद्धाप्पाच राहील. पण अकरा माणसं जिच्या जिवावर जगतात, तिला साहेब सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात मुकादम करतो म्हणतात. बाई, येणार?"

"उद्याच येते," सोजरबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "चुलीच्या धुरानं डोळ्यांची पार दैना झालीया."

"आन् ह्या सगळ्यांचं जेवण गं?" कुंडलिक घाबरून म्हणाला.

सोजरबाईनं पीठ मळायची काथवट त्याच्यापुढे सरकवली.

सोमवारी भोंगा झाला. सोजरबाई ताठ मानेनं गिरणीकडे निघाली. कोपरापर्यंत पीठ माखलेला कुंडलिक दारात धावला. "अगं, पीठ गार पाण्यात मळायचं का कोमट?"

ती केव्हाच कोपऱ्यावरून वळली होती. आत दहा ताटं मांडलेली होती. चनमल्लप्पांनी तव्यावरच्या फाटक्या भाकरीकडे पाहून हात जोडले.

"कुंडलिका, आता आमचं सगळं तुझ्यावर हाय रे बाबा."