बर्फातले तपकिरी डाग

रामभाऊंना अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत येऊन आठवडा झाला नाही, तोच लेकीने त्यांचा दुधाचा चहा बंद केला.

"बाबा, कोरा चहा हार्टला चांगला असतो. मॅगझिनमध्ये आलंय. डोकंही फ्रेश राहतं. साखर अजिबात नाही हं!" मोठा कप भरून ठेवून पद्मिनी ऑफिसला गेली.

रामभाऊंनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. नागपूरच्या पोस्टात अख्खी नोकरी त्यांनी आलं घातलेल्या दाट चहावर काढली होती. सिंकमध्ये ओतावा तर डाग राहील, पकडले जाऊ. म्हणून त्यांनी मागचं दार उघडलं आणि कप गॅरेजशेजारच्या बर्फात रिकामा केला.

मग ते रोजचंच झालं. पण मिनेसोटातला बर्फ काही वितळेना.

"पद्मिनी, तुझी कार ऑइल लीक करतेय," तो तपकिरी पसारा बघून जावई गिरीश म्हणाला. कार मेकॅनिककडे जाऊन ठणठणीत परत आली. डाग वाढतच राहिले.

"मग पाइपच गंजलाय," म्हणत गिरीशने प्लंबर बोलावला. त्या आडदांड माणसाने फावड्याने बर्फ फोडला, एक तपकिरी ढेकूळ उचलून नाकाशी नेलं.

"मॅम, धिस इज टी."

पद्मिनी सावकाश वळली. रामभाऊ दारात उभे होते. हातात कप, तोही रिकामा.

प्लंबर गेल्यावर आता बोलणी बसणार म्हणून ते मान खाली घालून बसले. पद्मिनी ओरडली नाही. रडायलाच लागली.

"आई गेली तेव्हा मी तिकडे पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिच्यासाठी काही करता आलं नाही मला. तुम्ही इथे आहात तोवर तरी करू द्या ना, बाबा!"

रामभाऊ उठले, किटलीतला कोरा चहा कपात ओतला आणि उभ्याउभ्याच अर्धा कप घशाखाली लोटला.

"रोज घेईन. शब्द देतो तुला."

पद्मिनीने डोळे पुसले. "इतकं काही वाईट नसतं ते," म्हणत तिने त्यांच्या हातातला कप घेऊन घोट घेतला, आणि तिचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं.

"ई! बाबा, इतके दिवस कसं पीत होता हे?"

"पीत कुठे होतो, पोरी?"