लोटननानांचा पिवळा महिना

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला, आधी हे ऐका. मला हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायलाच हवं. शाळेतून घरी आले, वह्यांचा गठ्ठा अजून बांधलेलाच आहे, चूलही पेटवली नाही. माझा राग इतका वर आलाय की मी आज मुलींना पाढे उलटे म्हणायला लावले.

आमचे शेजारी लोटननाना. रावेरात केळी लावणारा एकही माणूस नसेल, ज्यानं नानांना बागेत नेलं नसेल. नाना घडासमोर उभे राहणार, एक डोळा मिटणार, केळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवणार आणि निकाल देणार. "कडा गोल झाल्या नही. पंधरा दिवस झाडावर ऱ्हाऊ द्या." झालं. कोयता परत कमरेला. नानांनी 'काप' म्हटलेला घड वॅगनमधून दिल्लीला जाईपर्यंत हिरवा राहतो आणि तिथं उतरला की पिकतो, अशी त्यांची ख्याती.

पण नाना केळ्यांवर थांबतील तर ना! त्यांना जगात सगळंच एक तर कच्चं दिसतं, नाही तर पिकलेलं. केळीवाल्या सुपडूभाऊंच्या मुलीला बघायला पाचोऱ्याहून मुलगा आला, तर नानांनी त्याला दोन प्रश्न विचारले आणि मुलाच्या बापासमोर सांगितलं, "पंधरा दिवस झाडावर ऱ्हाऊ द्या." मला नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं नि म्हणाले, "मास्तरीण? हिले तर केळफूलबी नही लागलं अजून!"

तर अशा माणसाला गेल्या उन्हाळ्यात दम लागायला लागला. पाय सुजले. ओट्याच्या तीन पायऱ्या चढले की भिंत धरून उभे. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, आठ दिवस गोडीनं सांगितलं आणि नवव्या दिवशी वळकटी बांधून ओट्यावर ठेवली. "जळगावले येता, का मी एकटी जाऊ?" नाना गेले.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर आहे आणि हृदयही थकलंय. साखरेसाठी रोज सुई. नाना उठून चपला घालायला लागले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बसा. आता गोळी निघाली आहे. नवीन आहे."

नवीन! हा शब्द नानांपुढे काढायचा नाही. नवे पैसे आले तेव्हा नाना महिनाभर बाजारात भांडत होते. नवी वजनं येणार म्हटल्यावर म्हणाले, "उद्या सूर्यबी नवा आणतील." पण सुईपेक्षा गोळी बरी. साखरेची मोठी गोळी आणि हृदयाची चिमुकली. नानांनी घरी येईपर्यंत त्यांची नावंही ठेवली. मोठी ती सासू, छोटी ती सून. "सासू जेवणाआधी, सून जेवणानंतर. घरातल्यासारखंच हाये."

आणि सोबत मिळाली काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली. रोज सकाळी त्या निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर धावत जळगाव गाठायचं.

अक्कांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "चुलीच्या घरात ते नही आणायचं!" म्हणून हा यज्ञ ओट्यावर सुरू झाला. पहिले चार दिवस गल्ली जमायची. नाना नळी चिमट्यात धरून उन्हात फिरवायचे आणि सगळे मान वर करून बघायचे. "निळं! निळं!" म्हणून माणसं अशी ओरडायची की जणू नानांनी कुस्ती मारली. पायांची सूज उतरली. नाना बागेत जायला लागले. मग लोकांना कंटाळा आला, मी सकाळच्या शाळेला जायची, अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नळी बघायला नाना एकटेच उरले.

आणि तिथून नाना बिघडले.

एका दुपारी मी घरात शिरतेय तोच भिंतीपलीकडून हाक. "बाई, तू परवा मले चहा दिला त्यात साखर व्हती!"

"नाना, साखरेचा कणही नव्हता. तुम्हीच म्हणालात ना, कडूजहर झालाय."

"मग नळी हिरवी कायले झाली?"

आणि हे भर गल्लीत! चार बायका उभ्या. मी त्या माणसासाठी बिनसाखरेचा चहा वेगळ्या पातेल्यात करत होते, आणि मलाच चोर ठरवलं. मी आठ दिवस बोलले नाही. मग पाळी अक्कांची. भाजीत गूळ घालते म्हणून. मग धोतरं पिवळी धुतली म्हणून. पांढरीशुभ्र धोतरं वाळत होती हो! मी स्वतः पाहिली. माझ्या शाळेच्या नव्या कोऱ्या वह्या पाहून म्हणाले, "सरकार जुना कागद खपवते पोरींच्या माथी." पुढं तर भरीत-भाकरीचं ताट समोरून सरकवलं. रावेरातला माणूस, आणि भरीत नको! मळमळतं म्हणे. त्याचाही दोष तेलवाल्याच्या नव्या वजनाला.

जेवण अर्ध्यावर आलं, पण गोळ्या चालूच. उलट नळी हिरवी दिसते म्हणून नानांनी स्वतःच्या डोक्यानं सासू एकीच्या दोन केल्या. कुणालाही न विचारता! डॉक्टरला नाही, अक्कांना नाही.

मग आला गेला रविवार. सुपडूभाऊंचा माल स्टेशनावर आला होता, केळीच्या पानांत रचून वॅगन भरणं चालू होतं. मी तिथं टपाल टाकायला गेले होते. बघते तर नाना वॅगनच्या दारात आडवे हात करून उभे.

"एक घड चढू देनार नही! पिकला माल भरता? दिल्लीले काय गुळाचा चिखल पाठवता?"

सुपडूभाऊ हात जोडून, "नाना, परवा तुम्हीच काप म्हटलं. पाहा ना, हिरवागार हाये."

"मले शिकवतो? पिवळा धम्मक हाये!"

हमाल हसायला लागले. माल पोपटासारखा हिरवा होता. एका हमालानं केळं दगडावर आपटून दाखवलं, खडखडीत कच्चं. कुणी तरी मागून म्हणालं, "नानांचा डोळा गेला." ते नानांनी ऐकलं. मला ते कधी विसरता येणार नाही. चाळीस वर्षं ज्यांच्या डोळ्यावर रावेरची केळी दिल्लीला गेली, ते नाना काही तरी बोलायला गेले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. कपाळावर घाम असा, की जणू बादली ओतली. आणि बसले ते पानांच्या ढिगावरच कलंडले.

सुपडूभाऊंची म्हातारी आई धावली. तिनं ना डॉक्टर पाहिला ना पुस्तक. "उपाशी हाये हा!" म्हणाली आणि शुद्ध जायच्या आत नानांच्या तोंडात गुळाचं पाणी घातलं. थोड्या वेळानं नाना उठून बसले. आणि पहिलं वाक्य काय? "मले गोड कुनी पाजलं?"

सोमवारी सकाळी मी शाळेला दांडी मारली आणि ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, ती नळी माझ्यासमोर धरा. नानांनी दिवा लावला, नळी तापवली, उन्हात धरली. "पाह्य. हिरवं."

निळं होतं हो! आकाशासारखं निळं.

"नाना, हे निळं आहे."

"हिरवं हाये."

मी माझ्या पांढऱ्या वहीचं पान पुढं केलं. "आणि हे?"

नानांनी खूप वेळ पाहिलं. "पिवळं," हळूच म्हणाले. मग मान फिरवून दारात बसून लसूण सोलणाऱ्या अक्कांकडे पाहिलं. पुन्हा वहीकडं. आणि वही मिटून माझ्या हातात दिली. मला वाटलं, घाबरले.

कालच आम्ही तिघं जळगावला जाऊन आलो. डॉक्टरांनी नाडी धरली, कपाळाला आठी. "फार मंद चालली आहे. नाना, तुम्हाला सगळं पिवळं दिसतं का?"

आणि हा माणूस म्हणाला, "नही."

मी खुर्चीतून उडालेच! "नाना, खोटं काय बोलता? डॉक्टर, धोतर पिवळं, वह्या पिवळ्या, केळी पिवळी. वॅगन अडवली यांनी! आणि साखरेच्या दोन-दोन गोळ्या घेतात!"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांची बाग उपटली होती. डॉक्टर म्हणाले, "हृदयाची गोळी जास्त झाली की असं दिसतं कधी कधी. मळमळही तिचीच. ती आजपासून बंद. आठ दिवसांनी दाखवायला या, मग अर्धी सुरू करू. अशीच चालू ठेवली असती तर नाडी थांबली असती. आणि साखरेची एकच घ्यायची, जेवणार नसाल तर घ्यायची नाही."

कधी कधी! मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? मी विचारलं तसं. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना सगळं सांगितलं तर कुणी गोळीच घेणार नाही. वा! म्हणजे म्हाताऱ्यानं भर स्टेशनात हसं करून घ्यायचं, पण विचारायचं नाही. आणि नळीचे रंग बघायचं काम ज्याच्या डोळ्यांवर सोपवलं, त्याचे डोळेच गोळी रंगवते, हे कुणाच्या ध्यानात यायला नको? मी फार बोलले. अक्का माझा पदर ओढत होत्या.

परत येताना भुसावळला गाडी बदलली. जागा मिळाली तशा अक्का खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मी अजून धुमसत होते. "नाना, खोटं का बोललात? जिवावर आलं असतं."

नाना खिडकीकडं बघत होते. म्हणजे मला वाटलं खिडकीकडं.

"आमच्या लग्नात मी नऊ वर्षांचा व्हतो," ते म्हणाले. "हळद लागली तव्हा झोपलो, ते काकाच्या खांद्यावर. माळ कुनी घातली तेबी ठाव नही. उठलो तव्हा ही धुऊन-पुसून बसली व्हती. मंग सारं आयुष्य शेणात नि शेतात. हळदीतली ही मी कधी पाह्यली नही."

मी झोपलेल्या अक्कांकडे पाहिलं.

"महिना झाला, सकाळी उठतो तं हिच्या तोंडाले हळद. हातालेबी. मले वाटलं, म्हातारपनी लावते हौसेनं. विचारलं असतं तं लाजून बंद केली असती. म्हनून नही विचारलं. काल तू ते पान दाखवलं तव्हा कळलं."

मला आठवलं, महिनाभर नाना जगातल्या प्रत्येक पिवळ्या वस्तूशी भांडले. धोतरांवरून अक्कांशी, सरकाराशी, सुपडूभाऊंशी. या एका पिवळ्याबद्दल त्यांनी कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता.

निंभोऱ्याजवळ गाडी हळू झाली. नानांनी मला विचारलं, "बंद केल्यावर किती दिवसांत उतरतं हे?"

"माहीत नाही, नाना. चार-पाच दिवस लागतील."

"चार-पाच," ते म्हणाले. आणि मग रावेर येईपर्यंत त्यांनी बागा पाहिल्या नाहीत, स्टेशनं पाहिली नाहीत. अक्का जाग्या झाल्या, पदर सावरला आणि खेकसल्या, "माझ्या तोंडाकडं काय पाहता? काही लागलं काय?"

"काही नही," नाना म्हणाले. "झोप तू."

अक्कांना हे सांगायचं नाही म्हणून नानांनी मला शपथ घातली आहे. तुम्हाला सांगू नको असं काही म्हणाले नाहीत. पण मला अजूनही कळत नाही, मी डॉक्टरांसमोर बोलले ते बरोबर केलं, हे ठाऊक असूनही आज दिवसभर मला रडू का येतंय? तुमच्या घरी कुणाला नवी गोळी सुरू झाली तेव्हा तुम्ही विचारलं होतं का, की हल्ली काय दिसतं? आणि विचारल्यावर कुणी असं खोटं 'नाही' म्हणालं का हो?