साखर वाढली की या

मास्तरांना मधुमेह झाल्यापासून घरात बोलणं पुष्कळ वाढलं, पण ते सगळं एकाच छापाचं होतं. "अहो, ठेवा ते खाली," बायको म्हणे. "बाबा, पुन्हा?" मुलगी म्हणे. मास्तर शिंपी होते. माप घेताना गप्प राहायची सवय असल्यामुळे ते हातातलं बिस्कीट मुकाट्याने खाली ठेवत आणि दुकानात जाऊन दुसरं खात.

डॉक्टरांनी त्यांना रुग्णालयाच्या प्रेरक समुपदेशन विभागात पाठवलं. विभागाचा नियम असा, की सल्ला द्यायचा नाही. रुग्णाने बोलायचं, समुपदेशक बाईंनी ऐकायचं, आणि बदलाचं कारण रुग्णाच्याच तोंडून निघेपर्यंत घाई करायची नाही.

"गोड खाऊ नका, असं नाही म्हणणार?" मास्तरांनी संशयाने विचारलं.

"ते तुम्हाला माहीतच आहे. तुम्हाला काय हवंय?"

हा प्रश्न मास्तर आयुष्यभर गिऱ्हाइकांना विचारत आले होते. त्यांना तो कुणी विचारला नव्हता. टेबलाच्या कडेवर ते उगाच वितीने माप घेत राहिले. मग म्हणाले, "सुईत दोरा माझा मला ओवता यावा. हल्ली गिऱ्हाइकाकडून ओवून घ्यावा लागतो. लाज वाटते हो."

"म्हणजे डोळे जपायचेत."

"हो ना! मग मी बिस्किटं कशाला खातोय?"

शोध स्वतःचा असल्यामुळे त्यांनी तो पाळला. चहातली साखर गेली. दुकानातल्या बिस्किटांच्या डब्यात बटणं आली. रक्तातली साखर उतरली. घरी आता टोकण्यासारखं काही उरलं नाही, त्यामुळे बोलणंच थांबलं.

पुढच्या खेपेला खिडकीवरच्या कारकुनाने मास्तरांचं मनापासून अभिनंदन केलं आणि त्यांना परत पाठवलं.

"तुमचं मन वळलंय. इथे द्विधा मनःस्थितीचेच रुग्ण घेतात."

"बाईंशी जरा बोलायचं होतं."

"कशाबद्दल?"

"असंच."

"असंच बोलण्यासाठी विभाग नाही, मास्तर. साखर वाढली की या."

मास्तर आज्ञाधारक होते. डब्यातून बटणं निघाली, बिस्किटं आत गेली. साखर वाढली, बाईंसमोरची खुर्ची मिळाली. मास्तर पोटभर बोलले, मन वळलं, साखर उतरली, खुर्ची गेली. सैल करायचं, पुन्हा आवळायचं, हे तर त्यांचं रोजचंच काम. विभागाच्या वार्षिक अहवालात मन वळलेल्यांची संख्या लक्षणीय वाढली. त्यातले बरेचसे मास्तर होते.

डोळ्यांना मात्र ही ये-जा झेपली नाही. दोरा राहू द्या, सुईच दिसेना. पुढे मूत्रपिंडं थकली आणि मास्तर गेले. विभागाच्या दप्तरी त्यांचं मन तेव्हा वळलेलंच होतं.

काही दिवसांनी मुलगी विभागात गेली. बाबा इथे एवढं काय बोलायचे, इतकंच तिला विचारायचं होतं.

"ते गोपनीय असतं," कारकून म्हणाला. "तुम्हाला स्वतःला काही बोलायचंय?"

"हो."

"साखर किती?"

"मला मधुमेह नाही."

"मग कठीण आहे, ताई." त्याच्या आवाजात खरी सहानुभूती होती. "निरोगी माणसाचं ऐकायला घरचे असतातच की."

ती घरी आली. आई स्वयंपाकघरात एकटीच चहा घेत बसली होती. आईला गोड कधीच आवडत नसे. तिने कपात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. मग आणखी एक चमचा भरून तो कपावर तसाच धरला आणि मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली.

इथे काय म्हणायचं, ते वाचकांना पाठ आहेच.