थंड ब्रेक

कामशेतचे मेकॅनिक याकूबभाई गाडीआधी माणसाचा पाय तपासत. बूट काढायला लावून स्वतः जमिनीवर बसत आणि तळहात पुढे धरून म्हणत, "दाबा. समोर म्हैस आलीय असं समजून दाबा."

मी दाबला. ते तोंड वाकडं करून म्हणाले, "पाय बँकेतला हाय. आधी विचार करतो, मग दाबतो."

मी खरंच बँकेत होतो. चाळिशीनंतर मला रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवायचं वेड लागलं होतं, आणि तिसऱ्या फेरीला ब्रेक मऊ पडून पेडल खाली जायचं. याकूबभाईंनी ब्रेक ऑइल बदललं आणि जास्त उष्णता सोसणारे ट्रॅकचे ब्रेक पॅड बसवले. गाडी थांबताना ते पॅड कर्कश ओरडत. तक्रार केली तर म्हणत, "बोलतंय ना, बोलू द्या. माझ्या घरात तेवढं बी कोण बोलत न्हाई." गिऱ्हाइकं हसत.

त्यांची एकच अट असे. ट्रॅकवर ते स्वतः हत्यारांची पिशवी घेऊन येत आणि परतताना प्रत्येकाच्या गाडीत रोजचे पॅड पुन्हा घालून देत. त्याशिवाय कुणाला सोडत नसत.

एकदा पाऊस लागला. मला खोपोलीला घरी जायचं होतं, म्हणजे घाट उतरणं आलंच. मी म्हटलं, "आज राहू द्या. उद्या काढू."

त्यांनी माझ्या गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. मी चिडलो, नको ते बोललो. ते भिजत चाक खोलत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "उद्या काढू, असं मी बी म्हणलो होतो."

धाकट्या भावाच्या, सलीमच्या गाडीत त्यांनी हेच पॅड घातले होते. आपल्या बायकोला, शमीमला, माहेराहून आणायला तो पहाटे खोपोलीकडे निघाला. घाटातल्या पहिल्याच उतारावर पुढे ट्रेलर थांबलेला.

"हे पॅड गार असले की धरत न्हाईत. दुप्पट जोरानं दाबावं लागतं. त्यानं रोजच्यासारखा दाबला. त्याला बाहेर काढला तवा पाय पेडलवरच व्हता." त्यांनी पाना खाली ठेवला. "शमीम आमच्याकडंच असती. तिला वाटतं ब्रेक फेल झाला. फेल न्हवता झाला. मी त्याला सांगितलं न्हवतं. चार वर्षं झाली. तुमी शिकलेले, सांगा, बोलू का तिला?"

"बोला," एवढंच म्हणालो. दुसऱ्याच्या घरातलं बोलायला सोपं असतं.

पुढचे पंधरा दिवस वर्कशॉप बंद होतं. उघडल्याचं कळलं तसा मी गेलो. याकूबभाई स्टुलावर बसले होते, दाढी वाढलेली.

"सांगितलं," ते म्हणाले.

"मग?"

"काय न्हाई. म्हणली, हात धुवा, वाढलंय. मी जेवलो. तिनं ताटं उचलली, घासली, पालथी घातली. मग दारात येऊन इचारलं, 'भाईजान, दाबल्यावर गाडी थांबत न्हाई, हे त्यांना शेवटी कळलं असंल का?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"न्हाई म्हणलो," याकूबभाई म्हणाले. "लगेच म्हणलो."